संत्र्याची साल आणि थ्रीडी मॉडेल: टेक्स्चर मॅपिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात संध्याकाळी मी थ्रीडीचा वर्ग घेतो. नागपूरची मुलं असतात, तशी वर्धा, भंडारा, उमरेडहून अप-डाऊन करणारीही असतात. मॉडेलिंग सगळ्यांना लवकर जमतं आणि टेक्स्चरपाशी, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रापाशी, गाडी अडते. दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न मुलांनी विचारले त्याच बोलीत ठेवले आहेत.

आधी एक सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत. टेक्स्चर बिघडलं की स्वतःला विचारा: चूक ‘कुठे’ची आहे की ‘काय’ची? मॉडेलवरचा हा बिंदू चित्रात कुठे पडतो, हा पहिला भाग. त्या जागी चित्रात काय लिहिलं आहे, हा दुसरा. एकदा हे वेगळं करता आलं की निम्मी दुरुस्ती झालीच.

टेक्स्चर मॅपिंग म्हणजे नेमकं काय?

मॉडेल म्हणजे त्रिकोणांचं जाळं, म्हणजे नुसता आकार. संत्रं घ्या. आकार म्हणून ते वरून-खालून जरा दाबलेला चेंडू आहे, चार-पाचशे त्रिकोणांत होतो. पण सालीवरचं प्रत्येक छिद्र त्रिकोणांनी घडवायला गेलात तर एका फळाला लाखो त्रिकोण लागतील आणि टोपलीभर संत्र्यांनी मशीन बसेल. म्हणून आकार साधा ठेवायचा आणि सालीचा तपशील सपाट चित्रातून घ्यायचा. पडद्यावर एखादा पिक्सेल रंगवायची वेळ आली की कॉम्प्युटर बघतो, हा पिक्सेल संत्र्यावर कुठला, त्याचा चित्रातला पत्ता काय, आणि तिथला रंग उचलून आणतो.

ही पद्धत एडविन कॅटमल यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पीएचडीच्या प्रबंधात मांडली. पन्नास वर्षं होऊन गेली, पण मूळ कल्पना तीच आहे.

यू आणि व्ही म्हणजे काय? एक्स आणि वाय का म्हणत नाहीत?

एक्स, वाय, झेड ही अक्षरं मॉडेलच्या जागेसाठी आधीच वापरलेली असतात, म्हणून चित्रातल्या जागेसाठी यू आणि व्ही घेतली. यू आडवा, व्ही उभा. दोन्ही ० ते १ मध्ये मोजतात, त्यामुळे चित्र ५१२ पिक्सेलचं असो की ४०९६ चं, पत्ता बदलत नाही. ०.५, ०.५ म्हणजे चित्राचा मध्य, कुठल्याही आकारात.

अनरॅप करताना सीम कुठे द्यायची? काही नियम आहे का?

यावर मी पहिला पूर्ण दिवस घालवतो आणि त्या दिवशी वर्गात खरी संत्री आणतो.

आपलं संत्रं सैल सालीचं. देठाजवळ अंगठा घातला की साल एका तुकड्यात निघून येते. ती टेबलावर ठेवून तळहाताने दाबा. मधला भाग बसतो, पण कडा उचलतात. जोर दिला की कडांना चिरा जातात. नीट बघा, चिरा कडेकडून आत येतात, मधून सुरू होत नाहीत. आता दुसरं संत्रं घ्या आणि सोलण्याआधीच सुरीने वरून खाली सहा उभ्या रेघा मारा, तळाशी मात्र साल जोडलेली राहू द्या. ही साल फुलासारखी उघडते आणि जवळजवळ सपाट बसते.

अनरॅप म्हणजे हेच, आणि सुरीची रेघ म्हणजे सीम. गोल पृष्ठभाग ताण किंवा चीर न देता सपाट होऊच शकत नाही, हे गाउस या गणितज्ञाने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलं आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलून हा प्रश्न सुटत नाही. सीम कमी दिल्या तर चित्र ताणलं जातं, जास्त दिल्या तर तुकडे वाढतात आणि प्रत्येक जोडावर रेघ दिसण्याचा धोका वाढतो. किती ताण चालवून घ्यायचा आणि किती तुकडे, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

टेलरकडे बघून हे चांगलं शिकता येतं. ब्लाउजला टक्स कुठे घेतात? जिथे सपाट कापडाला गोलाई द्यायची असते तिथे. शिवण कुठे येते? बगलेत, बाजूला, जिथे पटकन नजर जात नाही. तुमची सीमही तशीच लपवा. माणसाच्या पायाला आतल्या बाजूने, डोक्याला केसांखालून मागे, डब्याला तळाच्या कडेने. जिथे मॉडेलचा कोपरा तीक्ष्ण आहे तिथे सीम बिनधास्त द्या, कारण तिथे प्रकाश तसाही बदलतो आणि जोड लपून जातो.

सरावाला मी नागपूरच्या झिरो माईल स्तंभाजवळचे घोडे देतो. खांब कुणालाही जमतो, घोड्यांना वेळ लागतो. पोटाखालून एक सीम, चारही पायांना आतून एकेक, मानेला आयाळीच्या रेषेतून, आणि डोकं वेगळं. एवढ्यावर घोडा नीट उलगडतो. तरी आधी स्वतः करून बघा. पहिल्या प्रयत्नात खांद्याजवळ ताण येतोच, आणि तो का आला हे शोधताना जे कळतं ते मला सांगून देता येत नाही.

भिंतीवरच्या विटा एकीकडे लांबट, एकीकडे चपट्या दिसून राहिल्या. काहून?

ही ‘कुठे’ची चूक. चांगल्या विटांचा फोटो शोधत बसू नका, त्याने काही होणार नाही. फोटो काढून टाका आणि बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं टेक्स्चर लावा. चौकटी सगळीकडे चौरस आणि सारख्या मापाच्या दिसल्या पाहिजेत. जिथे आयत झाले तिथे ताण आहे.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दहापैकी सात वेळा कारण एकच निघतं: ठोकळा ऑब्जेक्ट मोडमध्ये ओढून भिंतीएवढा केला आणि स्केल अप्लाय न करता अनरॅप केलं. सॉफ्टवेअरच्या हिशोबी तो अजून चौकोनी ठोकळाच असतो. कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा आणि पुन्हा अनरॅप करा.

जोडावर बारीक काळी रेघ दिसते.

यूव्हीच्या तुकड्याबाहेरचा काळा भाग आत झिरपतो आहे. ग्राफिक्स कार्ड रंग वाचताना शेजारचे पिक्सेलही थोडे मिसळतं, म्हणून तुकड्याचा रंग कडेबाहेर पसरलेला हवा. २०४८ च्या चित्राला ८ ते १६ पिक्सेल मार्जिन ठेवा. दोन तुकड्यांमधलं अंतरही त्याच हिशोबाने.

टेक्स्चरसाठी फोटो स्वतः काढायचा आहे. कधी आणि कसा?

स्वतःच काढा. नेटवरची वीट कुठल्यातरी दुसऱ्या देशातली असते आणि नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या मॉडेलवर ती उपरी वाटते.

मात्र आपल्या उन्हात काढू नका. एकदा एप्रिलमध्ये दुपारी चारला मी महालातल्या एका गल्लीत विटांच्या भिंतीचे चाळीस फोटो काढले. बघायला सुरेख होते. घरी येऊन मॉडेलवर लावले, दिवा डावीकडून दिला, आणि प्रत्येक विटेची सावलीही डावीकडेच पडलेली. ऊन फोटोतच रुतून बसलं होतं. चाळीसच्या चाळीस फोटो वाया गेले. टेक्स्चरमध्ये पृष्ठभागाचा स्वतःचा रंग हवा, प्रकाश नंतर सीनमधला दिवा देतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, आभाळ भरून आलं असताना आणि पाऊस थांबलेला असताना बाहेर पडा. तेव्हा सगळीकडून सारखा उजेड येतो आणि सावल्या जवळपास नसतात. पण भिंत कोरडी आहे ना, तेवढं बघा. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड भिजला की आणखी काळा होतो आणि चमकतो. तो फोटो ओल्या दगडाचा, कोरड्याला चालणार नाही.

कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरा. जवळ जाऊन वाइड लेन्स वापरण्यापेक्षा चार पावलं मागे जाऊन झूम करा, म्हणजे कडा वाकणार नाहीत. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. एका फोटोत भिंतीला पट्टी लावून ठेवा, म्हणजे वीट खरी किती मोठी हे नंतर कळेल. ही पट्टी लावायला मुलं हमखास विसरतात आणि मग विटा दाराएवढ्या होतात.

फोटो टाइल केला, म्हणजे फरशीसारखा पुन्हा पुन्हा शेजारी लावला, जोडही दिसत नाही, तरी भिंत नकली वाटते.

जोड घालवायची रीत सोपी आहे: चित्र आडवं-उभं अर्ध्याने सरकवा, कडा मध्यभागी येतात, तिथे क्लोनने बुजवा. क्रिटा, गिम्प, फोटोशॉप, कशातही होतं. पण डोळा जोडापेक्षा खुणेवर जास्त अडकतो. भिंतीवर पानाची एक पिचकारी असेल आणि चित्र दर दोन मीटरला पुन्हा येत असेल, तर पूर्ण भिंतीवर दर दोन मीटरला तीच पिचकारी, त्याच आकाराची. असा ठळक डाग टाइलमधून पुसून टाका आणि जिथे हवा तिथे वेगळा थर म्हणून एकदाच लावा. शिवाय एक मोठ्या मापाचं, अगदी फिकट डागांचं चित्र वरून गुणून घ्या. खऱ्या भिंतीवर खाली ओल असते, वर ऊन लागून रंग उडालेला असतो. हा फरक दिला की भिंत जागची वाटायला लागते.

रंग एकदम बरोबर आहे, तरी संत्रं प्लास्टिकचं वाटते.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. संत्रं हातात घ्या आणि खिडकीजवळ जा.

खिडकीचा उजेड सालीवर कसा पडतो ते बघा. प्लास्टिकच्या चेंडूवर खिडकीचा एक सलग पांढरा ठिपका दिसतो. संत्र्यावर तो ठिपका फुटलेला असतो, कारण सालीत तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत, प्रत्येकीवर एक खळगा आहे आणि प्रत्येक खळग्याचा उतार उजेड वेगळ्या दिशेला पाठवतो. खळगे सारखे नाहीत: मधे मोठे आणि लहान मिसळलेले, देठाकडे दाट. देठाच्या भोवती साल खडबडीत, तिथे चमक जवळजवळ नाही. आंबिया बहाराच्या सुरुवातीच्या फळावर हिरवट झाकही असते. ती रंगात आहे, चमकेत नाही.

म्हणजे ‘काय लिहिलं आहे’ हे एका चित्रात मावत नाही. बेस कलरमध्ये फक्त रंग. रफनेसमध्ये कुठे चमक पसरते आणि कुठे एकवटते. नॉर्मल मॅपमध्ये खळग्यांचे उतार. मेटॅलिक म्हणजे वस्तू धातूची आहे की नाही; संत्र्याला शून्य. धातू नसलेल्या वस्तू समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच चमक म्हणून परावर्तित करतात, त्याची काळजी शेडर, म्हणजे प्रकाशाचा हिशोब करणारा प्रोग्राम, घेतो. मुलं दोन दिवस बेस कलर रंगवतात आणि रफनेसला एकच आकडा देतात. मी उलटं करायला सांगतो. एकाच नारिंगी रंगावर नुसता चांगला रफनेस आणि नॉर्मल लावून बघा. ओळखू येतं, संत्रं आहे.

नॉर्मल मॅप असा निळा-जांभळा का?

कारण ते रंगात लिहिलेले आकडे आहेत. प्रत्येक पिक्सेलला पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे, हे लाल, हिरव्या, निळ्यात साठवतात. सरळ बाहेर तोंड असेल तर आकडे १२८, १२८, २५५ आणि तो रंग फिकट निळा-जांभळा. पृष्ठभागाला हात न लावता फक्त तोंडाची दिशा हलवून खडबडीतपणा दाखवता येतो, हे जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवलं.

खळगे पुटकुळ्यांसारखे वर आलेले दिसत असतील तर हिरवा चॅनल उलटा आहे. हिरव्याची दिशा मोजायच्या दोन रीती आहेत: ब्लेंडर आणि युनिटी हे गेम इंजिन ओपनजीएलची रीत पाळतात, अनरिअल हे गेम इंजिन डायरेक्टएक्सची. हिरवा उलटवा, काम होतं. आणि नॉर्मल मॅपने बाहेरची कड बदलत नाही हे लक्षात ठेवा. कॅमेरा अगदी जवळ नेऊन संत्र्याची कड दाखवायची असेल तर तिथे डिस्प्लेसमेंट, म्हणजे पृष्ठभाग खरोखर वर-खाली हलवणं, लागेल.

रफनेस ०.५ ठेवला होता, तरी फार चमकून राहिलं.

चित्राचं कलर स्पेस बघा. ही चूक कुणाला दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात जास्त वेळ खाते.

रंगाची चित्रं एसआरजीबीत असतात, म्हणजे आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले. हिशोब करण्याआधी सॉफ्टवेअर ते सरळ करतं. रफनेसचे आकडे मात्र आधीच सरळ आहेत. त्याला एसआरजीबी म्हटलंत तर करड्याचा १२८, म्हणजे जो ०.५ यायला हवा, तो साधारण ०.२२ होऊन बसतो. ०.२२ रफनेस म्हणजे पॉलिश केलेली फरशी. नॉर्मल मॅपचंही तसंच, सगळे उतार भलतीकडे झुकतात. बेस कलर एसआरजीबी. रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट हे सगळे नॉन-कलर.

दूर गेलं की कापडाची वीण चमचमते.

एका मुलीने करवतकाठी साडीचं मॉडेल केलं होतं. जवळून काठाचे दाते एकेक मोजता येत होते. कॅमेरा मागे नेला की काठावर लाटा वळवळायच्या.

कारण असं: दूरवरच्या एका पिक्सेलमध्ये काठाचे वीस-पंचवीस धागे मावतात आणि कार्ड त्यातला एखादाच उचलतं. कॅमेरा केसभर हलला की दुसराच धागा हाती लागतो. इथे पत्ता बरोबर, चित्र बरोबर, चूक वाचण्यात आहे. यावर लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मिपमॅप मांडला. चित्राच्या आधीच लहान-लहान प्रती करून ठेवायच्या, दर वेळी निम्म्या मापाच्या: २०४८, १०२४, ५१२, थेट १ पर्यंत. २०४८ च्या बारा पायऱ्या होतात. वस्तू जितकी दूर तितकी लहान प्रत वाचायची, ज्यात सरासरी आधीच काढलेली आहे. एवढ्याला मेमरी फक्त एक तृतीयांश जास्त लागते. गेम इंजिनमध्ये मिपमॅप चालू आहेत ना, तेवढं तपासा.

लांबवर जाणाऱ्या सिमेंट रोडवर मात्र मिपमॅपने पांढरे पट्टे लवकर धूसर होतात, कारण रस्ता एका दिशेने दबलेला दिसतो आणि सरासरी दोन्ही दिशांनी काढलेली असते. तिथे ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, म्हणजे दबलेल्या दिशेचा विचार करून वाचणारी सेटिंग, ८ किंवा १६ वर न्या.

सगळ्यांना ४के टेक्स्चर दिलं तर काय बिघडलं? फाइल तर ३ एमबीचीच आहे.

जेपीजी फाइल डिस्कवर ३ एमबीची असेल, पण ग्राफिक्स कार्ड ती तशी वाचत नाही. ती पूर्ण उलगडते. ४०९६ गुणिले ४०९६, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट: ६४ एमबी. मिपमॅप धरून ८५. एका वस्तूला असे चार मॅप दिले तर ३४० एमबी गेले, आणि टोपलीत अजून चिंच, पेरू, डाळिंब आहे. गेम इंजिन बीसी७ सारखं कॉम्प्रेशन वापरून ६४ चे १६ करतं, पण तरीही ते फुकट नाही.

माप ठरवायची रीत अशी. दर मीटरला किती पिक्सेल हवे ते आधी ठरवा. ४ मीटर रुंद भिंतीला २०४८ चं चित्र म्हणजे मीटरला ५१२. त्याच हिशोबाने २२ सेंटीमीटर घेराच्या संत्र्याला सुमारे ११३ पिक्सेल पुरतात. म्हणजे टोपलीतल्या संत्र्याला १२८ चं चित्र बास. तेच संत्रं जाहिरातीत पडदाभर दिसणार असेल तर ४के द्या, आनंदाने द्या.

जुन्या गेममध्ये भिंती वळवळताना दिसतात, त्या का?

रेल्वेच्या पुलावर उभे राहून रुळांकडे बघा. जवळचे स्लीपर लांब लांब, दूरचे दाटीवाटीने. त्रिकोणाच्या टोकांचे यूव्ही माहीत असतात, मधले काढावे लागतात. पडद्यावर नुसते सारखे भाग पाडले तर दूरचे स्लीपरही तेवढ्याच अंतरावर येतील आणि चित्र वाकडं होईल. बरोबर रीत अशी की यू आणि व्हीला आधी खोलीने भागायचं, मग मधले आकडे काढायचे आणि शेवटी परत गुणायचं. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये हा भागाकार नव्हता, म्हणून भिंती वळवळायच्या. आजचं कार्ड हे दर पिक्सेलला करतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

फोटो न वापरता टेक्स्चर होतं का?

होतं. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये मांडलेला नॉइज, म्हणजे सूत्राने काढलेला विस्कळीत नमुना, अजून सगळीकडे वापरतात. दगड, ढग, गंज, सालीवरचे डाग, सगळं सूत्राने. हे टेक्स्चर थेट एक्स, वाय, झेडवरून काढता येतं, त्यामुळे अनरॅपच लागत नाही. सीताबर्डीचा दगड करायचा असेल तर मी आधी इथूनच सुरुवात करेन.

घरी बरोबर होतं, क्लासच्या मशीनवर सगळं गुलाबी दिसतं.

ब्लेंडरला चित्राची फाइल सापडत नाही. फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन ‘पॅक रिसोर्सेस’ करा आणि मगच पेनड्राइव्हवर घ्या. चित्र गुलाबी नसून उलटं, पायाकडचं डोक्याकडे आलं असेल, तर एक सॉफ्टवेअर व्ही खालून मोजतंय आणि दुसरं वरून.

सुट्टीत सराव काय करू?

कॉटन मार्केटमधून चार संत्री घ्या. एक सोलून सालीचे तुकडे कागदावर दाबून बसवा, पेन्सिलने आखा आणि तसंच अनरॅप करा. दुसरं मॉनिटरशेजारी ठेवा, त्यावर टेबललॅम्प एका बाजूने, आणि पडद्यावरच्या संत्र्यालाही दिवा त्याच बाजूने द्या. आधी रफनेस, मग नॉर्मल, रंग सगळ्यात शेवटी. उरलेली दोन फ्रिजबाहेर राहू द्या. चार-पाच दिवसांत साल सुकते, चमक उतरते, देठाभोवती सुरकुती धरते. त्याच लॅम्पखाली पुन्हा बघा आणि जुन्या बेस कलरला हात न लावता त्या फळाचा नवा रफनेस आणि नॉर्मल करून आणा. वर्गात दोन्ही शेजारी ठेवून बघू.